एका हाताचं टोपण

त्याच्या घरात एकाही बरणीला स्वतःचं झाकण नव्हतं. आणि हा गृहस्थ पोटापाण्यासाठी करायचा काय, तर झाकणं! पावडरीच्या डब्यांना लागतात ना, उघडून पुन्हा घट्ट मिटणारी, मोजून माल सोडणारी, तसली टोपणं. आधी कागदावर काढायची, मग साचा करून घ्यायचा आणि टोपण पास होईपर्यंत त्याच्यामागे हात धुऊन लागायचं. कारखान्यात सगळे त्याला ‘झाकणे’ म्हणत, जणू आडनावच. आणि घरी बघावं तर साखरेवर चहाचं झाकण, चहावर बशी, मिठावर तर नुसता कागद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ही सगळी करणी बायकोची. तो कुरकुरला की ती म्हणायची, "बसलं झाकण म्हणजे झालं. तुम्ही काय त्यांची लग्नं लावून दिली आहेत?"

बोलण्यात तिचा हात कोण धरणार! तो मुळातला घुम्या. दोघांच्या वाटचं तीच बोलायची आणि त्याला ते बरं पडायचं. मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता उरला आणि ते सगळं बोलणं गेलं. एकच शब्द मागे राहिला. ‘बरं.’ राग आला तरी बरं, भूक लागली तरी बरं, रडायला आलं तरी बरं. सव्वीस वर्षं घर दणाणून सोडणाऱ्या बाईच्या तोंडात एवढं एकच अक्षरलेणं उरलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. साधं पाणी, हो, पाणी! ते घशातून इतक्या झटकन उतरायचं की अन्नाच्या वाटेनं न जाता श्वासाच्या नळीत शिरायचं. एकदा शिरलं आणि न्यूमोनिया झाला. महिनाभर दवाखाना. सुटी देताना डॉक्टरबाईंनी एक पावडर लिहून दिली. ग्लासभर पाण्यात एक माप घालून ढवळायचं. पाणी मधासारखं दाट होतं, सावकाश उतरतं आणि वाट चुकत नाही.

"माप चुकवू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाणी पुन्हा फुप्फुसात गेलं, तर जिवाचा शब्द मी देणार नाही."

हे ऐकायला बायकोचा धाकटा भाऊ तिथंच उभा होता. मेहुणा माणूस सरळ होता. त्याचं घर दिवसभराच्या प्रवासावर, तळमजल्याला मोकळी खोली, दिवसभर घरात माणसं. दवाखान्याच्या जिन्यातच त्याने विषय काढला.

"दाजी, तुम्ही सकाळी जाता ते संध्याकाळी येता. दिवसभर ताईला पाणी कोण देणार? ती एका हातानं डबा उघडणार, माप भरणार, सपाट करणार, झाकण परत लावणार? जमेल का? ताईला मी नेतो."

"नोकरी सोडतो मी."

"आणि औषधं कशावर आणणार? उगाच काहीतरी बोलू नका."

बरोबरच होतं त्याचं. पण ती गेली तर आपल्या घरात आवाज असा कुणाचा राहील? ‘बरं’ तर ‘बरं’, पण तो तिचा होता. त्याचा जीव नुसता कासावीस झाला. आणि घुम्या माणसाच्या तोंडून एकदम निघून गेलं, "मी टोपण करतो. एका हातानं चालणारं. मला महिना दे."

मेहुणा त्याच्याकडे बघतच राहिला. बहीण मरणाच्या दारातून आली आणि हा टोपणाचं बोलतोय! पण तिनं डाव्या हातानं भावाची बाही पकडली आणि म्हणाली, "बरं." तिला कुठं राहायचं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"महिना," मेहुणा म्हणाला. "त्यानंतर मी गाडी घेऊन येतो. ताई धड दिसली तर तसाच परत जाईन."

मग झाकणेनं जिवाचं रान केलं. उरलीसुरली रजा अर्ध्या-अर्ध्या दिवसांनी संपवून तिला दुपारचं पाणी पाजायचा आणि बाकी सगळा वेळ कारखान्यात. मालकाच्या गळी उतरवून चाचणीचा साचा करून घेतला. डबा एका स्टँडमध्ये उलटा बसवायचा, तोंड खाली. तोंडाला टोपण, टोपणाला बाहेरून एक कडं. खाली पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि कडं डाव्या हातानं शेवटपर्यंत फिरवायचं, की एक माप पावडर ग्लासात. हात सोडला की स्प्रिंग कडं मागे आणते आणि आतली झडप ओठावर घट्ट बसते. ओठ म्हणजे टोपणाच्या तोंडाची कड. सगळी भिस्त त्या ओठावर. पावडर अशी हावरट, की हवेतली ओल नुसती हुंगली तरी गोळा व्हायची.

टोपण त्यानं स्वतःच तपासलं. दुसऱ्याच्या हातावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "तुला कळायचं नाही" म्हणून सगळ्यांना लांब ठेवायचा. तो डाव्या हातानं फिरवत गेला आणि टोपण दर वेळी बिनचूक माप देत गेलं. दमट हवेत टिकतं का ते बघायला वाफेच्या कपाटात ठेवून फिरवलं, तरी तेच. मालकानं पाठ थोपटली. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं स्टँड ओट्यावर सिंकशेजारी बसवला, तिला कडं फिरवून दाखवलं, तिच्याकडून फिरवून घेतलं. पहिल्या दिवशी तिनं त्याच्यासमोर ग्लासभर दाट पाणी केलं, प्यायली आणि म्हणाली, "बरं!" दोघंही लहान पोरांसारखी हसली.

पुढचे दिवस तो रोज परत आला की बूट काढायच्या आधी डबा हातात घेऊन बघायचा. पावडर जितकी कमी व्हायला हवी तितकी कमी झालेली असायची.

"प्यायलीस ना पाणी?"

"बरं."

तिचे ओठ फुटले होते. त्यानं मलम आणलं. दुपारभर ती झोपून असायची असं शेजारीण म्हणाली, तर तो म्हणाला, आराम हवाच. संध्याकाळी, टोपणाच्या डब्याचा हिशेब चुकू नये म्हणून, तो स्वतः दुसऱ्या डब्यातून चमच्यानं माप घालून पाणी करायचा, तेव्हा ती घटाघट प्यायची, एकावर एक, ग्लास हिसकावून. त्याला त्यात कौतुकच वाटलं. माझ्या हातचं गोड लागतं म्हणे! अरे माणसा, बघ तरी एकदा तिच्याकडे! पण त्याचं सगळं लक्ष टोपणावर.

महिना भरला तो शनिवार होता. अर्धा दिवस काम करून तो घरी आला. मेहुणा संध्याकाळपर्यंत पोचणार होता. झाकणेनं ठरवलं, घर जरा लख्ख करावं, पाहुण्याला बोट ठेवायला जागा नको. बशा विसळायला घेतल्या, तर सिंक तुंबलेलं. पाणी वर वर यायला लागलं. तारेनं ढोसून बघितलं, उपयोग नाही. शेवटी खाली बादली सरकवली आणि वाकडा पाइप खोलला.

पाणी आलंच नाही. आला तो एक गोळा, पांढुरका, बुळबुळीत, लिबलिबीत. त्याच्यामागे दुसरा. त्यानं बोट घालून ओढलं, तर ओंजळभर बाहेर आलं, मग आणखी. बादली भरत चालली तरी पाइप रिकामा होईना.

हे काय आहे ते जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. त्याला कळलं. पावडर पाण्यात फुगली की ती अशी होते. रोजचा एकेक ग्लास, तिच्या पोटात जायचा तो, इथं येऊन बसला होता.

तो तसाच फरशीवर बसून राहिला. मग मान वर करून बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. फुटलेले ओठ, आत गेलेले डोळे, हाडाला चिकटलेली कातडी. इतके दिवस हे सगळं त्याच्यासमोर होतं आणि आज दिसत होतं.

"तू पीतच नव्हतीस?" तो ओरडला. आयुष्यात तिच्यावर ओरडला नव्हता इतका ओरडला. "दिवसच्या दिवस तहानलेली राहिलीस? आणि माझ्यासमोर मान हलवत होतीस? का? अगं का?"

"बरं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"चांगलं चालतंय ना टोपण! हे बघ!" त्यानं ग्लास स्टँडखाली आदळला, डाव्या हातानं कडं फिरवलं. पहिल्याच फिरवण्याला चिमूटभर पावडर पडली. तो चपापला. पुन्हा फिरवलं, तर ओला गठ्ठा भसकन पडला. टोपणाचं तोंड ओल्या पावडरीनं बुजलं होतं. त्यानं डबा काढला, टोपण धुऊन पुसून कोरडं केलं, नवी पावडर भरली. "आता बघ!" फिरवलं. माप बिनचूक. पुन्हा फिरवलं. बिनचूक. "बघ! बघ की! मग घोडं पेंड खातंय कुठं?"

तो पुन्हा फिरवायला गेला आणि तिनं त्याचा अंगठा धरला. उजव्या हाताचा.

त्याला वाटलं, घाबरलीय. तो सोडवायला गेला, तर ती सोडेना. डाव्या मुठीत अंगठा करकचून आवळला आणि हनुवटीनं टोपणाकडे खूण केली. फिरव.

त्यानं डाव्या हातानं कडं फिरवलं. माप पडलं. आता उजवा हात आपसूक पुढे निघाला, पण अंगठा तिच्या मुठीत अडकला होता. टोपणाच्या ओठावर पावडरीची बारीक रेघ तशीच राहिली. त्यानं कडं सोडलं. झडप त्या रेघेवर येऊन टेकली. पूर्ण मिटली नाही.

उघडून धरायचं, ओठावरून अंगठा फिरवायचा, मग सोडायचं. वीस वर्षांची खोड. कारखान्यात, वाफेच्या कपाटापुढे, घरी तिला दाखवताना, दर वेळी त्यानं हे केलं होतं आणि एकदाही त्याला ते दिसलं नव्हतं. एका हाताचं टोपण त्यानं दोन हातांनी पास केलं होतं. पहिल्या दिवशी तिच्यासाठीही त्यानंच पुसलं असणार. दुसऱ्या दिवशी ती एकटी, एक हात कड्यावर, दुसरा लुळा. फट राहिली, सिंकची ओल आत गेली, तोंड बुजलं, माप कमी पडलं आणि पातळ पाणी तिच्या घशात गेलं. दारं लावलेल्या घरात ती एकटी किती वेळ खोकली असेल! त्यानंतर तिनं ग्लासाला तोंड लावलं नाही. पण कडं फिरवत राहिली, ढवळत राहिली, सिंकमध्ये ओतत राहिली. डब्यातली पावडर रोज कमी दिसायला हवी होती ना. नाहीतर भाऊ घेऊन गेला असता.

"माझ्यासाठी तहानलेली राहिलीस?" त्यानं विचारलं.

"बरं," ती म्हणाली आणि अंगठा सोडून बादलीकडे बोट केलं. फेकून दे. ती पुन्हा पुन्हा बोट करत राहिली. कुणी यायच्या आत फेकून दे.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

मेहुणा आत आला. ताई उभी आहे, चालते आहे, न्यूमोनिया नाही, हे बघूनच त्याचा चेहरा खुलला. "ताई, वाळलीस गं! पण पाणी पितेस ना रोज?"

"बरं!" तिनं जोरजोरात मान हलवली.

"एका हातानं? तूच करून?"

"बरं, बरं!"

मेहुण्यानं ओट्यावरचा डबा पाहिला, कड्याला हात लावून पाहिला आणि हसला. "दाजी, मानलं तुम्हाला! मला वाटलं होतं, झाकणं करून कुणाचं काय भलं होतं? जिंकलात तुम्ही. आजची रात्र राहतो आणि उद्या मोकळा परत जातो."

ती नवऱ्याकडे बघत होती. त्या नजरेत काय नव्हतं! आयुष्यात तिनं त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, भांडून घेतलं होतं. आज मागत होती. आणि त्यालाही हेच हवं होतं, महिनाभर याच्याचसाठी तो मेला होता. फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं तर त्याला जन्मापासून येत होतं.

सोमवारी तो कामावर गेला असता आणि ती या ओट्यापाशी एकटी उभी राहिली असती.

त्यानं सिंकखालची बादली ओढून मधोमध आणली.

"ती पाणी पीत नाही," तो म्हणाला. "हे बघ. सगळं हे. टोपण चुकलंय. मी चुकलोय. घेऊन जा तिला."

"बरं!" ती किंचाळली. "बरं! बरं! बरं!" चांगल्या हाताची मूठ करून ती त्याच्या छातीवर मारत सुटली. सव्वीस वर्षांत दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्या एका शब्दात होत्या. त्यानं एकही ठोसा चुकवला नाही. मेहुणा बादलीकडे बघत उभा होता. मग त्यानं कपाट उघडलं आणि ताईचे कपडे बॅगेत भरायला घेतले. रात्र राहायचं कुणी नाव काढलं नाही.

ती गाडीत बसल्यावर झाकणेनं चमच्यानं माप घालून पाणी केलं आणि खिडकीतून ग्लास पुढे धरला. तिनं तोंड फिरवलं. "पी गं," तो म्हणाला. "नवा साचा करतो. मग आणतो तुला. पी, पाया पडतो तुझ्या." किती दिवस लागतील, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरबाईंनी शब्द दिला नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं. शेवटी तिनं ग्लास घेतला. त्याच्यावरची नजर न काढता तळापर्यंत प्यायली. ग्लास परत दिला. ‘बरं’ म्हणाली नाही.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो उभाच होता. मग आत आला. पाइप परत बसवला. साखरेच्या बरणीवर चहाचं झाकण होतं, ते तसंच राहू दिलं. तिचा एक दुपट्टा खुर्चीवर राहून गेला होता. त्यानं तो दाताखाली धरून उजवा हात अंगाशी घट्ट बांधला, अंगठा आत दाबून. स्टँडखाली ग्लास ठेवला आणि डाव्या हातानं कडं फिरवलं. पाणी ढवळलं. यातून जे दाट निघेल तेवढंच आता प्यायचं.

चार ग्लास बरे निघाले, ते तो प्यायला. पाचवा पातळ निघाला. त्यानं तो सिंकमध्ये ओतला. त्यानंतरचे सगळे पातळच निघाले. सकाळपर्यंत घसा कोरडा पडला होता आणि नळ हाताच्या अंतरावर होता. त्यानं ग्लास पुन्हा टोपणाखाली ठेवला.