चिडीचूपने भरलेली भिंत

भिंती मुक्या करणारा एक कारागीर होता. लोक त्याला चिडीचूप म्हणत. पत्र्याची चौकट उभारायची, आत रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेली लोकर भरायची, वरून जिप्समचा बोर्ड. एका डॉक्टरांची खोली त्याने अशी भरली, की तिथल्या घड्याळाला स्वतःची टिकटिक ऐकू येईना आणि ते बिचारं खचून बंद पडलं. खोटं वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा. फक्त जरा मोठ्याने विचारा.

त्याच्या घराला लागूनच थोरल्या भावाचं घर. मधे एकच विटेची भिंत. दारं मात्र वेगळ्या गल्ल्यांत. बायको गेल्यापासून दादा एकटाच, त्यामुळे भिंतीपलीकडून धाकट्याच्या संसारात लक्ष घाली. एकदा चिडीचूप घरी आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "चार दिवस लागतील."

भिंत म्हणाली, "दोनच लागतात हो. उरलेले दोन तो झोपतो."

गिऱ्हाईक हसत गेलं ते परत आलं नाही. त्याच आठवड्यात चिडीचूपने स्वतःची भिंत भरायला घेतली. दुहेरी चौकट, दुप्पट लोकर. जमिनीखालीही थर दिला.

"अहो, सख्खा भाऊ आहे तो, रस्त्याचा गोंगाट नव्हे," बायको म्हणाली.

"रस्त्याला निदान लाल दिवा असतो."

आठ दिवस सुखाची झोप लागली. नवव्या दिवसापासून जेवण गोड लागेना. दादाकडे जाऊन चुकलो म्हणावं, तर नाक आडवं येई. या घराण्यात सगळ्यांचीच नाकं लांब. दोन महिन्यांनी त्याला तोड सुचली: भिंत उघडायची. दादा टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही. मारला की हळूच माफी मागून टाकायची.

बोर्ड उतरले, लोकर निघाली, हात कोपरापर्यंत खाजले. विटांशी तोंड नेऊन तो बायकोला मोठ्याने म्हणाला, "चार दिवसांचं काम आहे हं हे."

पलीकडून हूं नाही की चूं नाही.

"रुसलाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सरळच बोलला, "दादा, चुकलं माझं." तिसऱ्या दिवशी वळसा घालून दादाच्या दारी गेला. कुलूप.

शेजारीण पायरी झाडत होती. "ते लेकीकडे गेले की, कायमचे. महिना झाला. कपाट जिन्यावरून गडगडलं, सगळी गल्ली गोळा झाली. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही."

"निघताना तुमची भिंत ठोकत होते. किती हाका मारल्या. मग म्हणाले, राहू दे, त्याला ऐकायचंच नसेल."

घरी येऊन त्याने पुतणीला फोन लावला.

"काका, बाबा म्हणताहेत, ते झोपलेत."

"मग त्यांना सांग, भिंत लोकरीने भरलेली होती. ठोकलेलं मला ऐकूच आलं नाही गं."

पलीकडे काहीतरी पुटपुटणं झालं.

"ते विचारताहेत, भरली कोणी?"

चिडीचूपने अजून खाजणारे हात पँटीला पुसले.

"मीच," तो म्हणाला.