दोन भोकं खाली

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला, की जरा लवकर ये, दोर ओवून टाकू. 'टाकू' म्हणजे मी ओवणार आणि ती उलट्या बादलीवर बसून बोलणार, हे बारा वर्षं ठरलेलं आहे. ताई सुकाणू धरते, मी मोठ्या शिडाचा दोर धरते. आमची कॅटमरान वयाने माझ्याहून लहान आहे, पण दिसते आत्याएवढी. दोन लांब होड्या, मध्ये ताणलेली जाळी आणि सांध्यासांध्यांत कुरकुर. रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती, आणि महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

नव्या बोटीचा दोर कोणीही पुस्तक बघून ओवेल. हिच्या दोन तिहेरी पुल्या मात्र भारी लहरी. एक वरच्या आडव्या दांड्याला टांगलेली, दुसरी खाली मागच्या तुळईवर. दोघींची तोंडं समोरासमोर ठेवली तर दोर दोरावर घासतो, म्हणून खालची काटकोनात फिरवायची. सुरुवात मधल्या चाकातून करायची, कडेच्या नाही, नाहीतर ताण आला की पुली कलंडते. खालच्या पुलीवर एक बाण आहे, आता जवळजवळ पुसलाय. दोर त्याच दिशेने गेला तर ओढताना कटकट वाजतं आणि पुली थोडा भार स्वतः घेते. उलटा गेला तर सगळा भार तळहातावर, मग बसा फोड मोजत.

मी दोर ओवला, टोकाला गाठ मारली, ओढून पाहिला. कटकट छान वाजली. ताई बादलीवर बसल्या बसल्या खालच्या पुलीकडे बघत होती.

"ती पकड जरा खाली घेशील?" ती म्हणाली. "दोन भोकं."

खालच्या पुलीला एक पट्टी असते आणि पट्टीच्या टोकाला दोर चावून धरणारी दातेरी पकड. दोर धरणाऱ्याच्या उंचीप्रमाणे ती भोकं बदलून वर-खाली करायची. ताईचा तिच्याशी काही संबंध नाही. मला घरात उंट म्हणतात, त्यामुळे आमची पकड बारा वर्षं सगळ्यात वरच्या भोकात आहे.

"कशाला?"

"असंच. बरं पडेल."

"कुणाला बरं पडेल? दोन भोकं खाली घेतली तर माझा दोर पकडीत बसायचाच नाही." मी उचललेला पाना खाली ठेवला. "तिथे कोण बुटकं बसणार आहे, ताई?"

ताईने चप्पल काढली, झटकली, परत घातली.

"चिमणी," ती म्हणाली.

चिमणी म्हणजे प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी माझी मैत्रीण. पाच वर्षं माझ्या डब्यातलं खातेय. उन्हाळ्यात तिला किनाऱ्यावर आणली ती मीच. कानामागून आली आणि तिखट झाली.

"उद्या वारा पडलेला असणार," ताई म्हणाली. "ती पंचेचाळीस किलोची आहे. आणि तू..."

"बोल की."

"तू बहात्तर. अगं, एकदा तरी जिंकायचंय मला."

"आणि मला काय हरायचं होतं? कधी ठरलं हे?"

"तीन आठवडे झाले. तू चिडशील म्हणून बोलले नाही."

तीन आठवडे. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत चिमणी माझ्यासमोर बसून विचारत होती, मधलं चाक आधी का, बाण कुठल्या बाजूला, तेव्हा तिचं ठरलेलं होतं. आणि मी वेडी, हिला माझ्या खेळाची गोडी लागली म्हणून हरखून गेले होते. घास बाजूला ठेवून स्टेपलर आणि पंचिंग मशीनला दोरा गुंडाळून दाखवत होते. गोगलगाय आणि पोटात पाय. पण चिमणीचं एवढं लागलं नाही. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला, ते लागलं. डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

"मग आज मला कशाला बोलावलंस?"

"तुझ्यासारखा दोर कुणाला ओवता येतो?" ताई म्हणाली. हे तिने अगदी कौतुकाने म्हटलं. "आणि उद्या बोट पाण्यात ढकलायला तू येशीलच ना."

मी टोकाची गाठ सोडली आणि दोर ओढायला लागले. ओवायला अर्धा तास लागला होता, निघायला अर्धं मिनिटही नाही. पुल्या रिकाम्या लटकत राहिल्या. मी दोराची गुंडाळी करून ताईच्या मांडीवर ठेवली.

"असं करू नकोस गं," ती म्हणाली. "सकाळी आठला सुटायचंय."

"चिमणी ओवेल."

"तिला जमेल?"

नाही म्हणायचं जिभेवर आलं होतं.

"जमेल," मी म्हणाले. "मी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं."