कामाच्या मुंग्या

टाचण्यांची डबी फरशीवर पडली आणि तिचा बारीक खणखणाट घरभर पसरला. तीन दिवसांत त्या घरात कुणी मोकळेपणाने शिंकलंसुद्धा नव्हतं. सुनेच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला बोलायला लावायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता. आणि तिला बोलायचं नाही म्हणून बाकीचेही कुजबुजत होते, जणू सगळ्यांच्याच गळ्याला टाके पडले होते.

"काय पाडलंस?" सासूबाई स्वयंपाकघरातून कुजबुजल्या.

"मी कशाला पाडू? डबीच उडी मारून गेली," सून म्हणाली आणि मांडीवरचा कोट सरकवून टाचण्या गोळा करायला वाकली.

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. कोट शिवणारे पुष्कळ होते, पण बटणाचं काज हाताने घालणारी ती एकटी. मशीन भोक पाडतं, काज मी घालते, असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, आणि गिऱ्हाईकही मान डोलवून आठ दिवस जास्त थांबायचं. गळ्यातली गाठ वाढून घास अडायला लागला, तेव्हा सर्जनने थायरॉईडची ग्रंथी पुरती काढून टाकायची ठरवली. त्यांना तिने एकच प्रश्न विचारला होता, "हाताला काही होणार नाही ना?" सर्जन हसले होते. "गळ्याचा आणि हाताचा काय संबंध?" असं ते म्हणाले नव्हते, पण तिने ते हसण्यातच ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि तिसऱ्या दिवशी कोट मांडीवर घेतला. शाळेतल्या एका मास्तरांचा निरोपसमारंभ शनिवारी होता. कोट तयार होता, फक्त काजं राहिली होती. तिने सात घातली. पाच उरली.

"आई, बोटांना मुंग्या येतायत कालपासून," ती टाचण्या डबीत टाकत म्हणाली.

"येणारच. अंगुस्तान न घालता सुई ढकलतेस." सासूबाईंनीही चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं आणि बोटावर चढवायची ती लोखंडी टोपी अजून त्यांच्या पदराच्या गाठीत असे. "माझी बोटं तर दर हंगामात बधिर व्हायची. कामाच्या मुंग्या त्या."

"ओठांनाही येतायत."

"टाचण्या धरतेस ना ओठांत! किती वेळा सांगितलं, उशीला टोच म्हणून." मग आपल्याच बोलण्यावर खूश होत त्या म्हणाल्या, "आणि दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं, मुंगीच्या पावलांनी जातं. मुंग्या आल्या म्हणजे जायलाच लागलं की!"

दोघी हसल्या. हसताना काजवालीचा गळा ओढला गेला म्हणून तिने तिथे हात धरला. दुसऱ्या कुठल्या घरात ओठांना मुंग्या आल्या असत्या तर कुणीतरी दचकलं असतं. इथे दोन शिवणाऱ्या बायका होत्या आणि दोघींकडे उत्तर तयार होतं.

टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं पडली होती. दिवसातून तीनदा घ्यायच्या, असं घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरने बजावलं होतं. पण गोळी कसली, कापडावर खुणा करायचा खडूच तो! दुखऱ्या गळ्यातून उतरेना. मग तिने दुपारची गोळी सोडली, रात्रीची अर्धी केली. बरं तर वाटतंय, वर पेलाभर दूध घेतेच आहे, असा तिचा हिशेब.

आठव्या काजाला तिने सुई ओवली. रेशमाचा पहिला फेर बसला, दुसरा बसला, आणि तिसऱ्याला अंगठा आपोआप तळव्याकडे वळला. बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि मनगट खाली झुकलं. सुई बोटांत तशीच अडकून राहिली. तिने बोटं उघडायला जोर लावला, तर ती आणखीच आवळली.

तेवढ्यात तिची मुलगी आली. बटण तिचं लाडाचं नाव; वय साडेपाच, आणि ही कुजबुज मनापासून आवडणारी घरात ती एकटीच.

"आई बदक करतेय!" ती आनंदाने कुजबुजली. आईच्या हाताची चोच झाली होती खरी. "चोच उघड ना. क्वॅक म्हण ना."

"उघडत नाहीये गं बटण."

ते शब्द उच्चारताना तिला कळलं, की ओठसुद्धा नीट हलत नाहीयेत. आणि मग दुसरा हातही वळायला लागला. तीस वर्षांत ज्या हातांनी तिचा शब्द मोडला नव्हता, ते आज तिला विचारतही नव्हते. या मुंग्या कामाच्या नव्हत्या. कामाच्या मुंग्या हात झटकला की जातात. या आतून येत होत्या.

काजवाली घाबरली, पण घाबरून बसणाऱ्यांतली ती नव्हती. "आई, वॉर्डाचा नंबर लावा. कागद आरशाला खोचलाय. फोन माझ्या कानाला धरा."

सिस्टरने तीन प्रश्न विचारले आणि आवाज चढवला. "कालपासून? आणि फोन आत्ता?"

"मला वाटलं, कामाच्या आहेत."

"काम? ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी? धन्य आहे तुमची! दोन गोळ्या आत्ता चावून खा आणि तशाच निघा. बरं वाटायची वाट बघत बसू नका, अपघात विभागात थेट या."

सासूबाईंनी गोळ्या स्वतः तिच्या तोंडात घातल्या. तोंडभर खडूची चव झाली. टॅक्सीत त्या सारख्या म्हणत होत्या, "मीच म्हटलं ना, कामाच्या मुंग्या. मीच म्हटलं."

"तुम्ही म्हटलंत आणि मला पटलं. दोघींनी मिळून चुकलो," सून म्हणाली. "आता गप्प बसा, नाहीतर सिस्टर दोघींना अॅडमिट करतील."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली. ओठाचा कोपरा टुणकन उडाला. बटणला ते फारच आवडलं. "परत करा!" रक्त तपासायला गेलं, छातीला हृदयाच्या आलेखाच्या तारा लागल्या आणि शिरेतून कॅल्शियम सुरू झालं, थेंबाथेंबाने. "अंग गरम वाटेल, घाबरू नका. घाईने देता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अंगभर ऊब पसरत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी अंगठा तळव्यातून सुटला, मग तर्जनी. एकेक बोट परत आलं, तसं काजवालीने मोजून घेतलं. दहाच्या दहा. मग तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतच सुई ओढली. जमलं.

तेव्हा कुठे तिचं लक्ष शेजारी गेलं. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर मास्तरांचा कोट होता.

"तुम्ही कोट आणलात?"

"पाच राहिलीत ना? शनिवारी मास्तर काय कोट उघडा टाकून भाषण करणार?"

आजवर तिने काजाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता, सासूबाईंचाही नाही. आता तिने नुसतं पाहिलं. टाका थोडा लांब पडत होता. तिने दोन टाके जाऊ दिले. मग राहवलं नाही. "जरा जवळ घ्या टाका."

"झाली बघा बरी!" सासूबाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने.

"आजी, इथे शिवणवर्ग नाही," सिस्टरने जाता जाता टोला दिला आणि दोन पावलं मागे येऊन काज निरखलं. "माझ्या एप्रनचं एक उसवलंय."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसतो आणि त्या काही काळ झोपून राहतात. त्या उठेपर्यंत गोळ्या चुकवायच्या नाहीत. दूध म्हणजे गोळी नव्हे. आणि मुंग्या आल्या की, कुठल्याही असोत, आधी फोन.

"कधी उठतात?"

"बहुतेकांच्या काही आठवड्यांत. कुणाच्या काही महिने घेतात. क्वचित कुणाच्या उठतच नाहीत."

"माझ्या उठतील," काजवाली म्हणाली. "आमच्या घरात सातनंतर कुणाला झोपू देत नाही मी."

डॉक्टरीणबाई हसत पुढच्या खाटेकडे गेल्या. बटण आईच्या कुशीला चढली, नळीला धक्का लागू न देता, आणि बराच वेळ आईच्या गळ्यावरच्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिने पट्टीजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू, कुणी झोपलेलं असताना बोलतात तशी, म्हणाली,

"आई, त्या चार दाण्यांना माहितीये का, आपण वाट बघतोय ते?"

काजवालीने मान जरा वर केली, पट्टी तिच्या तोंडाशी नीट यावी म्हणून. "तूच सांग त्यांना," ती कुजबुजली.