काडीला काही होत नाही

आमच्या घरात सर्वज्ञ एकच, आमचे हे. सोफ्यांचं दुकान चालवतात, पण कुणी कुठे दुखतंय म्हणायचा अवकाश, निदान तयार. स्वतःचं पोट त्यांच्या अर्धा हात आधी खोलीत शिरतं, जेवणानंतर गॅलरीत दोन सिगरेटी ठरलेल्या. आरोग्याचे धडे मात्र जगाला.

त्यांची धाकटी बहीण आमच्याकडेच राहायची. एकोणचाळिशीची, बिनलग्नाची. बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे, म्हणजे पुस्तकांचे छापील मोठे कागद, दुमडून शिवायची. अंगाने इतकी बारीक की ह्यांनी लहानपणीच तिचं नाव 'काडी' पाडलं होतं. बारा वर्षांपासून तिला संधिवात होता. म्हातारपणातला नव्हे, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो. सकाळी तासभर तिच्या मुठी वळायच्या नाहीत. तरी सातला डबा घेऊन बाहेर.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. ह्यांनी त्या खोक्यातला कागद वाचायला घेतला, दुष्परिणामांपाशी पोहोचले आणि तिथेच थांबले. हे विष आहे, दुखेल तेव्हा साधी वेदनाशामक घे, असा निकाल दिला. काडीने ऐकलं. दादा चुकत नाही, हे तिला बाळकडूतच पाजलेलं. मीही तोंड उघडलं नाही. वाद घालायचा म्हणजे जेवणाचा विचका, आणि मला माझं जेवण प्यारं होतं. तेव्हा माझं कौतुक करायचं कारण नाही.

दीड वर्षाने ती कारखान्याचा जिना चढताना मधेच थांबायला लागली. दम लागतो, जबडा आवळतो, डावा खांदा भरून येतो, म्हणाली. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "हार्टचं दुखणं जाड्यांना होतं. तुझ्या अंगात चरबी आहे कुठे? काडीला काही होत नाही." जबडा संधिवाताचा, खांदा संधिवाताचा, दम आळसाचा. एकेका अवयवाला कारण वाटून ते दुकानात गेले.

पुढच्याच आठवड्यात काडी जिन्यातच खाली बसली. कागद कापणाऱ्या मशीनवरच्या माणसाने तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली. स्टेंट बसवला.

हे कॉरिडॉरमध्ये हृदयाच्या डॉक्टरांशी हुज्जत घालत होते, की रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी असणार. तेवढ्यात सांध्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गोळ्या कुणी बंद केल्या, त्यांनी विचारलं. "मी," हे म्हणाले, छाती पुढे काढून.

"सांध्यांतली सूज सांध्यांपुरती राहत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही ती पोखरते. मग तिथे चरबी साचते, भिंती कडक होतात. बारीक माणसाच्यासुद्धा. आणि रोजच्या वेदनाशामकांनी हृदयाचा धोका वाढला तो वेगळाच."

ह्यांनी आपण वाचलेल्या एका लेखाचा विषय काढला. बाईंनी चपलेला काहीतरी चिकटल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या.

मग ह्यांची तंतरली. गुपचूप सगळ्या तपासण्या करून आले. कुठे काही नाही, रक्तवाहिन्या लख्ख. न्याय नावाची वस्तू असती तर निदान थोडं कोलेस्टेरॉल तरी निघालं असतं. तो रिपोर्ट दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवू लागले. सगळं मनावर असतं, म्हणायचे.

काडी घरी येऊन तीन आठवडे झाले होते. हे तिच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसले, गोळ्यांची पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, इतक्या गोळ्या जन्मभर घ्यायची गरज नसते.

तिने हात पुढे करून पट्टी काढून घेतली.

"दादा, तू सोफे वीक."

आवाज चढवला नाही, रडलीही नाही.  हे माझ्याकडे बघायला लागले. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

आता ती कारखान्याजवळ तळमजल्यावरच्या खोलीत राहते. गोळ्या वेळेवर घेते. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच, त्यामुळे शिलाई सुटली. फर्म्यांचे आकडे ओळीने आहेत का, एवढंच तपासते. ह्यांचं म्हणणं, तिला कुणीतरी फितवलं. येईल त्याला सांगतात.

खोली मीच शोधून दिली होती.