विसाव्याचा दगड

“गाडीवर घालायचं म्हणजे काय रे? ती काय गॅसची टाकी आहे?”

देल्फिना गल्लीच्या मधोमध उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर धुतलेल्या चादरींची टोपली आणि दोन्ही हात कमरेवर. डोक्यावर ओझं असताना हात मोकळे ठेवून भांडणं ही रोकादोनियाच्या बायकांची जुनी विद्या. ती येणाऱ्या दोघीच गावात उरल्या होत्या. त्यातली दुसरी, समोरच्या घरातली ओर्सोला, काल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली.

पुढ्यात गावचा मेयर लोरिस उभा होता. पंचेचाळिशीचा झाला तरी देल्फिनाच्या लेखी तो पोरगाच. खाली समुद्रकाठच्या शहरात फ्लॅट घेऊन राहायचा आणि डोंगरावरच्या गावाचं भलं करायला रोज वर यायचा. मोटार वेशीबाहेर लावायचा, कारण आत नुसत्या पायऱ्या आणि बोळ. पायऱ्या चढणारी, चाकांऐवजी रबरी पट्ट्यांची एक छोटी गाडी तेवढी आत चालायची. ती दिवसभर पाहुण्यांच्या बॅगा, बिअरचे क्रेट आणि गॅसच्या टाक्या ओढत फिरायची, आणि ओर्सोलाला तिच्यावरून न्यायचं असं लोरिसने ठरवलं होतं.

“मावशी, जरा हळू बोल. पाहुणे बघतायत.”

“बघू देत. बघायलाच आलेत ना? माझ्यावर तिकीट लावलंयस का?”

“अगं, शनिवारी जत्रा आहे. ढोल असणार, सरदार असणार, गल्लीत मुंगीला जागा नसेल. पाद्रीबाबा चार गावं सांभाळतात, त्यांना शनिवारच मोकळा. म्हणून म्हणतो, सकाळी लवकर, मागच्या वाटेने, गाडीवर, कुणाला त्रास नको. तिच्या भाच्याशी बोललो मी. तो म्हणाला, तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा.”

“भाच्याचं सांगू नकोस. आत्या जिवंत होती हे त्याला तुझ्या फोनमुळे कळलं असेल.”

“मग तूच सांग, काय करायचं?”

“चर्चमधून निघायचं, मोठ्या गल्लीने खाली यायचं, विसाव्याला टेकायचं आणि वेशीतून बाहेर. खांद्यावर. भर दुपारी, घंटा वाजवत. तुझी आजी गेली तशीच ओर्सोला जाईल.”

“आणि खांदे कुठून आणणार?”

 देल्फिना टोपली न हलवता वळली आणि चालू लागली. मागून कोणीतरी तिचा फोटो काढला.

शनिवारची जत्रा म्हणजे लोरिसचं लाडकं लेकरू. तिला ‘मध्ययुगीन दिवस’ असं नाव होतं. खालच्या शहरातली पोरं भाड्याची चिलखतं घालून वर यायची, ढोल बडवायची, आणि आइस्क्रीम खाणारी माणसं त्यांच्याबरोबर उभी राहून फोटो काढायची. गाव खरोखरच आठशे वर्षांचं होतं, पण त्यात वर्षभर राहणारी माणसं एका लांब टेबलाभोवती मावली असती. बाकीच्या घरांना सुंदर दारं होती, दारांना आकड्यांची कुलपं होती आणि आत दर आठवड्याला नवीन माणसं. त्यांच्या चादरी धुणं हे देल्फिनाचं पोट. त्यामुळे पाहुण्यांना शिव्या द्यायचा तिला फारसा हक्क नव्हता, तरी ती द्यायची.

पण मागच्या वाटेला तिचा विरोध होता त्याचं कारण जत्रा नव्हे. कारण होतं विसाव्याचा दगड.

मोठ्या गल्लीच्या अर्ध्यावर, कमानीखाली, कमरेइतका उंच आणि वरून सपाट असा एक दगड आहे. शवपेटी तिथे टेकवायची, खांदे बदलायचे, आणि गेलेल्या माणसाशी ज्याचं भांडण राहिलं असेल त्याने ते तिथे मोठ्याने बोलायचं. सगळ्यांसमोर, आडपडदा न ठेवता. बोललं की ते दगडावर राहतं. मेलेला हलका होऊन पुढे जातो, जिवंत माणूस हलका होऊन घरी जातो. देल्फिनाच्या बापाने तिथे आपल्या सख्ख्या भावाला अशा शिव्या घातल्या होत्या की पाद्रीबाबांनी कानांवर हात ठेवले; आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या तोंडून भावाबद्दल वाकडा शब्द निघाला नाही. जे बोलले नाहीत त्यांचे हालही गावाने पाहिले होते. मागच्या वाटेवर असा दगड नव्हता. तिथे कोंबड्यांची खुराडी होती आणि कचऱ्याचे डबे.

आणि देल्फिनापाशी बोलण्यासारखं तीन वर्षांचं साठलेलं होतं.

दोघी बरोबरीच्या. पोरवयात डोंगरावरच्या खाणीतून पाटीच्या दगडाच्या लाद्या डोक्यावर घेऊन दोघी पाठोपाठ उतरायच्या, पुढे ओर्सोला आणि मागे देल्फिना. पुढे लग्नं होऊन समोरासमोरच्या घरांत आल्या. दोघींच्या खिडक्यांत गल्लीवरून एक दोरी होती, दोन कप्प्यांवरून फिरणारी. अर्धी हिची, अर्धी तिची. धुणं वाळत घालता घालता नवरे, सासवा, पाव, पाद्री, सगळ्यांचा समाचार घेऊन व्हायचा. मग लोरिसने नियम काढला: मोठ्या गल्लीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, गावाची शोभा जाते. जो कबूल होईल त्याच्या खिडक्या फुकट रंगवून मिळतील. देल्फिनाने कागद फाडून लोरिसच्या हातात दिला. ओर्सोलाने सही केली. एके सकाळी देल्फिनाने खिडकी उघडली तर समोरची कप्पी काढलेली, दोरी गल्लीत लोंबतेय, आणि ओर्सोलाच्या खिडक्या हिरव्यागार. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. दोन हात अंतरावर, समोरासमोर, तीन वर्षं.

दुपारी ती ओर्सोलाच्या घरात गेली. ओर्सोलाला सांभाळणारी मारित्सा स्वयंपाकघरात रडत होती. ती समुद्रापलीकडची, इक्वाडोरची, बुटकी, दणकट.

“बसा बाई. कॉफी करू?”

“नको. कसला झगा घातलास तिला? तो निळा? तो तिला कधीच आवडायचा नाही. काळा काढ, कॉलरवाला.”

मारित्साने निमूट काळा काढला. दोघींनी मिळून ओर्सोलाला पुन्हा कपडे घातले. ओर्सोला फार हलकी झाली होती. देल्फिनाने तिचे केस विंचरले आणि बोलली मात्र काही नाही. बोलायची जागा ही नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“त्या रोज तुमच्या खिडकीकडे बघत बसायच्या,” मारित्सा म्हणाली.

“बघेल नाही तर काय करेल? समोरच आहे.”

“आणि ते लोखंडी चाक, दोरीचं. चमच्यांच्या खणात ठेवलंय. मी एकदा टाकायला निघाले तर माझ्यावर ओरडल्या.”

“चमच्यांत ठेवलं होय? आयुष्यभर गबाळीच.” देल्फिनाने खण उघडून पाहिला. कप्पी होती. तिने खण धाडकन लावला. “मारित्सा, तुला ओझं उचलता येतं का?”

“बाई, तीन वर्षं त्यांना खुर्चीतून पलंगावर कोण नेत होतं?”

गल्ली अरुंद, पेटीला चारच खांदे मावतात. गावात उभे राहू शकणारे पुरुष दोन: चर्चची घंटा वाजवणारा प्रीमो आणि ऑलिव्हच्या बागा राखणारा एल्विओ. संध्याकाळी देल्फिनाने दोघांना चर्चच्या पायरीवर गाठलं.

“बायकांनी खांदा द्यायचा?” प्रीमो म्हणाला. “असं कधी झालंय का? रीत मोडू नका म्हणून तूच ओरडतेस, आणि मोडतेसही तूच?”

“तुझ्या डोक्यावरचं हे छप्पर बघ. त्यातली एकेक लादी कुणाच्या डोक्यावरून आली? तुझ्या?”

“ते वेगळं.”

“हो, ते जड होतं. दोन खांद्यांवर पेटी जाते का रे, प्रीमो? नाही ना? मग घंटेचं बघ आणि गप ऊठ.”

एल्विओ हसला. “तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा पेटी उचललेली बरी.”

शनिवारी दुपारी प्रार्थना संपली तेव्हा खालून ढोलांचा आवाज येत होता. चर्चच्या दारात लोरिस, आणि लोरिसच्या मागे ती गाडी, पुसूनबिसून, वर जांभळं कापड घालून. त्याने सजवली होती, हे देल्फिनाला मान्य करावंच लागलं.

“मावशी, अजून ऐक.”

“बाजूला हो.”

मारित्सा बुटकी, म्हणून तिच्या खांद्यावर दोन चादरी घड्या करून ठेवल्या होत्या. पाहुण्यांच्याच चादरी, सोमवारी पुन्हा धुवायच्या. देल्फिनाने स्वतःच्या खांद्यावर जुनी चुंबळ घेतली. चौघांनी पेटी उचलली. पुढे प्रीमो आणि एल्विओ, मागे दोघी. प्रीमोने घंटेची दोरी आपल्या बायकोच्या हाती दिली होती आणि ती सगळा राग काढावा तशी वाजवत होती.

पहिल्या वळणापर्यंत ठीक गेलं. दुसऱ्या वळणावर गर्दी. माणसं भिंतींना चिकटली, फोन वर झाले, आणि मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या. देल्फिनाला आधी कळेचना. मग कळलं. त्यांना हे जत्रेतलंच वाटत होतं. ढोल, सरदार, राजकन्या, आणि आता जुन्या काळचं प्रेत.

“काय छान केलंय!” कुणीतरी म्हणालं. “म्हाताऱ्या बायका बघ, अगदी खऱ्या वाटतात.”

मारित्साचा श्वास जोरात चालला होता. “बाई, हे हसतायत.”

“हसू देत. पाऊल बघ. पुढे पायरी तुटकी आहे.”

लाजेने आणि संतापाने देल्फिनाचे कान तापले होते. पेटी खाली टाकून एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटत होतं. पण पेटीत ओर्सोला होती, आणि ओझं डोक्यावर असो की खांद्यावर, ते अधेमधे टाकायचं नाही एवढं दोघींना खाणीने शिकवलं होतं.

कमानीखाली आले तर विसाव्याच्या दगडावर कॅफेवाल्याने गाद्या घातलेल्या, आणि गाद्यांवर एक जोडपं थंड सरबत पीत बसलेलं. जोडपं टाळ्या वाजवत उठलं, पण गाद्या आणि ट्रे तिथेच राहिले. देल्फिनाचा खांदा आता धरवत नव्हता. एल्विओ मागे न बघता ओरडला, “कुणीतरी ते उचला रे!”

कुणी हललं नाही. तेवढ्यात गर्दीतून लोरिस घुसला. त्याने गाद्या ओढल्या, ट्रे खाली ठेवला, आणि कोटाच्या बाहीने दगड पुसला. मग मान खाली घालून बाजूला उभा राहिला.

पेटी दगडावर टेकली. ढोल थांबले होते. सगळे फोन देल्फिनाकडे वळले.

“ओर्सोला,” ती म्हणाली. आवाज सगळ्या गल्लीत गेला. “तू मला दोन खिडक्यांच्या रंगाला विकलंस. रंग तरी चांगला होता का? सरड्यासारखा हिरवा! दोरी दोघींची होती. मला विचारायचं तरी. तीन वर्षं मी पाठीमागच्या बागेत जाऊन चादरी वाळत घातल्या, गुडघे गेले माझे, आणि तू खिडकीत बसून बघत राहिलीस. एक हाक मारली असतीस तर मी आले असते. नाही मारलीस. मीही नाही मारली. आता म्हणतील, माफ कर. मी माफबिफ करणार नाही. इथे ठेवतेय, एवढंच. ऐकलंस ना? इथे ठेवतेय.”

तिचा आवाज शेवटच्या शब्दाला फाटला. आणि गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला.

देल्फिना वळली. तिने पेटीवर हात आपटला, भरीव लाकडाचा आवाज आला.

“ही खरी आहे,” ती म्हणाली. “ओर्सोला नाव तिचं. त्या समोरच्या घरात राहायची.”

टाळ्या मेल्या. कमानीशी चिलखत घातलेला एक सरदार उभा होता. खालच्या शहरातला, मासळीवाल्याचा थोरला. त्याने घाईघाईने पत्र्याचं शिरस्त्राण काढलं आणि छातीशी धरलं. मग एकाने टोपी काढली. मग फोन एकेक करत खाली गेले. वेशीपर्यंत लोकांनी वाट करून दिली, आणि चौघांच्या पावलांखेरीज आणि घंटेखेरीज गल्लीत काही ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी देल्फिना मारित्साकडे गेली. चमच्यांच्या खणातली कप्पी घेतली, ओर्सोलाच्या हिरव्या खिडकीत चढून जुन्या खिळ्याला अडकवली, आणि आपल्याकडची जुनी दोरी तिच्यावरून ओढून घेतली. मग आपल्या खिडकीत येऊन पहिली चादर लावली, मारित्साच्या खांद्यावरची. मग दुसरी. मग स्वतःची चुंबळ उकलून तिचं फडकं.

खाली लोरिस उभा होता. मान वर करून बघत होता.

“मावशी, नियमाप्रमाणे दंड लागेल.”

“लाव.”

 चादरींचं पाणी त्याच्या कोटावर ठिबकत होतं. मग तो बाजूला सरकला आणि खाली निघून गेला.

देल्फिनाने दोरी ओढली. समोरची कप्पी तीन वर्षं कोरडी पडलेली. प्रत्येक ओढीला ती करकरायची, कुरकुरायची, थांबायची, पुन्हा कुरकुरायची. मारित्सा तेलाची बाटली घेऊन त्या खिडकीत आली.

“बाई, घालू का दोन थेंब?”

“नको,” देल्फिना म्हणाली. “राहू दे तशीच.”

आणि तिने दोरी आणखी एकदा ओढली.