अनोराच्या पाठीवरचा साप

या, जरा पुढे सरका. देवाचं नाव घ्या आणि ऐका. आमच्या समरकंदमधल्या मुलींच्या वसतिगृहातली गोष्ट सांगतो. भीती वाटेल, पण मध्येच उठू नका.

जिन्यापासून खोलीपर्यंत नुसती गर्दी. आत अनोरा, डॉक्टरकी शिकणारी पोर, पालथी पडली होती. अंगावर सारखे लाल वळ उठतात म्हणून आईने झाडफूक करणाऱ्या खोसियत-बीबीला बोलावलं होतं. बीबीने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, चादर घातली, चार फुंकरी मारल्या. "जिन्न आहे आत! बघाच, आता पाठीवर आपली सही करतो मेला!" पेल्यातला चहा निवेपर्यंत कोणी हललं नाही. मग चादर दूर झाली आणि पाठीवर लालभडक, टरारून फुगलेला साप! फण्यासकट!

मुली किंचाळल्या. अनोराच्या आईने बीबीचे पाय धरले. "काहीही करा, पण लेक वाचवा!"

"आजच डोंगरातल्या गुहेत न्यायची. अन्नपाणी बंद. चाबकाने झोडल्याशिवाय निघायचा नाही तो. आणि शिक्षण विसरा आता!"

"ओपा, मला नेऊ देऊ नका हो!" अनोरा एकदम रडली.

दारात प्राध्यापक मोहलारोय उभ्या होत्या. मुली त्यांना ओपा, म्हणजे ताई, म्हणत. शरीर रोगाशी कसं लढतं, याच्याच संशोधनात आणि शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. पण तो साप पाहून त्याही क्षणभर घाबरल्या. ओठ आपोआप प्रार्थना पुटपुटू लागले. तेवढ्यात नजर पोरीच्या खांद्यावर गेली. तिथेही एक रुंद, लाल, फुगलेला पट्टा होता. दप्तराच्या बंदाचा.

"बीबी, जिन्न दप्तर घेऊन आला होता का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"थट्टा करू नकोस, बाई! उलटेल तुझ्यावर!"

"उलटू दे. अनोरा, तुझ्या हातावर काढू का गं काही?"

पोरीने होकाराची मान हलवली. ओपांनी पेनाच्या टोपणाने तिच्या हातावर चहाची किटली रेखली आणि बाही खाली ओढली. आता वाट बघायची. त्या मनाशी म्हणाल्या, अशी कातडी रोज सारखी वागत नाही. आज किटली उठलीच नाही तर? तर ही पोर गुहेत जाईल, आणि माझ्यादेखत जाईल.

बाही वर केली. किटली! तोटीसकट, झाकणासकट!

"आई गं, माझ्या जिन्नाला चहा हवाय," रडता रडता अनोरा हसली.

ओपांनी बीबीचा हात धरून उलटा केला. तळव्याकडे फिरवलेल्या अंगठीचं टोक सगळ्यांना दिसलं.

"हात फिरवताना बीबीने या टोकाने साप काढला. कातडीखाली पहारेकरी पेशी असतात. अनोराच्या फार घाबरट आहेत. जरा दाब पडला की चोर आल्यासारख्या हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, मग कातडी लाल होते, फुगते. थोड्या वेळात आपोआप बसते. खाज सुटली तर साधी गोळी पुरते."

"ओपा, हा धडा आम्ही परीक्षेत लिहिला होता!" एक मुलगी म्हणाली.

"लिहिला होतात गं. समजून कुठे घेतला होतात?"

बीबी चपला हातात घेऊन कधी निसटली, कळलंही नाही. आईने लेकीला पोटाशी धरलं.

मंडळी, मी देवाला मानणारा माणूस आहे. म्हणूनच सांगतो, बुद्धी ही त्याचीच देणगी. चमत्कार दिसला तर आधी विचारा, कसा झाला? लेकरू आजारी असेल तर डॉक्टरकडे न्या. अनोरा आता वर्गात पहिल्या बाकावर बसते. पण जिच्या दारात वेळेवर कोणी ओपा आली नाही, अशी एखादी पोर आज कुठल्यातरी गुहेत उपाशी बसली असेल. आज जेवायला बसाल तेव्हा तिची आठवण ठेवा.