पासंग

"माझ्या लेकीचं ऑपरेशन तुम्हीच थांबवलंत," वजनकाटे तपासून देणारा काटेवाला म्हणाला आणि त्याने पिशवीतलं पाच किलोचं वजन तान्ह्या मुलांच्या काट्यावर ठेवलं.

आकडा हलला, थांबला. चार किलो सहाशे.

विभागप्रमुखांनी चष्मा वर सरकवला. वजनं लिहिणाऱ्या सिस्टरचं पेन फाइलवर तसंच राहिलं.

ओरडायचं त्राण काटेवाल्यात नव्हतं. नऊ दिवस तो वरच्या मजल्यावर बाकावर बसून होता. लेकीच्या हृदयातलं भोक नीट बुजलं होतं. फुप्फुसांतला दाब मात्र उतरत नव्हता. ती रडली की तो आणखी चढे, म्हणून तिला औषधाने निजवून ठेवलेलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आज सकाळी हळूच बोलून गेल्या, पाच महिने आधी झालं असतं तर फुप्फुसं एवढी निबर झाली नसती.

आधी का झालं नाही, ते त्याला पाठ होतं. आठ किलो भरल्याशिवाय ऑपरेशन नाही. दर महिन्याला तो तिला घेऊन यायचा, दर महिन्याला याच काट्यावर ती कमी भरायची. मेहुणी थट्टेने म्हणायची, बाप काटेवाला आणि लेक पासंगालाही पुरत नाही. तिथे तो हसून घ्यायचा. घरी आल्यावर बायकोवर चिडायचा, पोरीच्या पोटात काही घालतेस की नाही.

"मशीन आहे. थोडं इकडेतिकडे व्हायचंच," विभागप्रमुख म्हणाले. माणसाकडे उत्तर नसलं की मशीन पुढे करतात.

"थोडं म्हणजे पाच महिने, साहेब."

त्याने वजन उचललं, काटा उताणा केला. बुडाला धुळीने माखलेली एक चिठ्ठी चिकटलेली होती. ती पुसताना त्याचं बोट मध्येच थांबलं. अक्षर त्याचंच होतं, चार वर्षांपूर्वीचं.

दाराशी एक बाई आपल्या बाळाचं टोपरं काढून, नंबर येण्याची वाट बघत उभी होती.

त्याने काटा तसाच उताणा टेबलावर ठेवला.

"वर्षाच्या आत पुन्हा तपासून घ्या, असं मी लिहिलंय. मला कोणी बोलावलं नाही. आणि एवढ्यांदा पोर यावर ठेवली, मीही कधी हा उलटा करून बघितला नाही." तो खुर्चीत बसला. "माझी चूक मी तिच्या आईला सांगेन. तुमची तुम्ही कोणाला सांगणार?"